स्विफ्टचं नाक वळणात बाहेर पळतंय : सस्पेन्शनला हात कुठून लावायचा?

तिसरा_गिअर, पुणे

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज धागा काढतोय.

गाडी : २०१३ ची स्विफ्ट झेडएक्सआय, पेट्रोल, १.२ इंजिन. टायर कंपनीच्या मापाचेच, १८५/६५ आर १५. सस्पेन्शनला अजून कुणी हात लावलेला नाही, फक्त पुढचे जंपर (शॉक ॲब्झॉर्बर) आणि लिंक रॉड मध्यंतरी नवे टाकलेत.

वापर : रोज ऑफिस, सणावाराला गावी, आणि अधूनमधून डांबरी मैदानावर ट्रॅफिकचे प्लास्टिक कोन लावून होणारी ऑटोक्रॉस शर्यत. नाणोलीच्या ट्रॅकवरही गाडी घालून आलोय.

दुखणं : मोठ्या, वेगाच्या वळणात गाडी झकास. पण हेअरपिन आली की स्टिअरिंग पूर्ण तोडलं तरी टायर नुसते किंचाळतात आणि नाक सरळ बाहेर जातं. वळणातून निघताना ॲक्सिलरेटर दिला की आतलं चाक फिरफिर फिरतं, गाडी जागची हलत नाही. माझ्यासारख्याच गाडीवाला एक मुलगा मला दर वेळी आरामात मागे टाकतो. त्याला विचारलं तर नुसता हसतो.

एका गॅरेजवाल्याने सांगितलंय की ४० मिमी खाली बसवणाऱ्या स्प्रिंगा टाका, वर पुढे स्ट्रट ब्रेस (पुढच्या दोन स्ट्रटचे माथे जोडणारी आडवी दांडी) लावा, गाडी रुळावर चालल्यासारखी चालेल. आकडा ऐकून घरी आलो. पैसे टाकण्याआधी जाणकारांनी प्रकाश टाकावा. बजेट बेताचं आहे, आणि आईबाबा याच गाडीत बसतात, त्यामुळे बैलगाडी करून चालणार नाही.

गुडघाभर_ग्रीस

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. चाकणकाका कुठायत?

चाकणकर_काका

आलो. हयात सस्पेन्शनच्या टेस्टिंगमध्ये गेली, निवृत्तीनंतरही लोक सोडत नाहीत. :)

तिसरा_गिअर, स्प्रिंगांचे पैसे तूर्त खिशातच ठेवा. त्या का नकोत ते सांगतो, जरा आकडेमोड सहन करा.

वळणात आतल्या चाकांवरचं वजन बाहेरच्या चाकांवर सरकतं. वळण किती जोराचं हे सोडलं तर किती सरकतं हे तीनच गोष्टी ठरवतात : गाडीचं वजन, गुरुत्वमध्याची उंची आणि दोन चाकांमधली रुंदी. तुमची गाडी तुमच्यासकट १०५० किलो धरू, गुरुत्वमध्य ५४ सेमीवर, रुंदी १४७ सेमी. ०.८ जी च्या वळणात (म्हणजे गाडीला तिच्या वजनाच्या ०.८ पट जोर बाहेर ढकलतो तेव्हा) साधारण ३०८ किलो वजन बाहेर जाईल. आता गाडी ३० मिमी खाली बसवा. आकडा २९१ वर येतो. म्हणजे एवढा खटाटोप करून हाती लागले १७ किलो. स्प्रिंग कितीही कडक घाला, अँटी-रोल बार (डावं-उजवं चाक जोडून गाडीचा कल रोखणारी दांडी) कितीही जाड लावा, हे बेरजेचं गणित बदलत नाही. गाडी कमी कलते, डोळ्यांना बरं वाटतं, वजन तेवढंच सरकतं.

मग स्प्रिंग आणि बार करतात काय? त्या ३०८ किलोंपैकी पुढच्या जोडीने किती उचलायचे आणि मागच्या जोडीने किती, याची वाटणी. सगळी मेख इथेच आहे. टायरवर वजन दुप्पट केलं तर पकड दुप्पट होत नाही, थोडी कमीच वाढते. म्हणून एका जोडीतल्या दोन चाकांवर वजन जितकं समसमान, तितकी त्या जोडीची एकूण पकड जास्त. एकाच्याच डोक्यावर सगळा बोजा दिला की जोडी हरते. स्विफ्टमध्ये साठ टक्क्यांच्या वर वजन आधीच पुढे, वळवणं पुढच्या चाकांनी, ओढणंही त्यांनीच. त्यांच्यावरची ही असमान वाटणी कमी करायची तर ते काम मागच्या जोडीवर ढकलायला हवं. म्हणजे मागची बाजू कडक. तुमच्या मागच्या टॉर्शन बीममध्ये (मागची दोन चाकं जोडणाऱ्या, पीळ खाणाऱ्या तुळईत) जास्तीचा बार बसवला की वळणात मागचं आतलं चाक जवळजवळ उचललं जातं, आणि पुढचं आतलं चाक जमिनीवर नीट दाबलेलं राहतं. ते फिरफिर फिरणंही त्यानेच कमी होतं. फोटोत शर्यतीच्या हॅचबॅक मागचा एक पाय वर करून वळताना दिसतात ना, ती बिघडलेली गाडी नव्हे, तसंच बसवलेलं असतं.

आता खाली बसवण्याचा दुसरा तोटा, जो गॅरेजवाला सांगणार नाही. पुढे मॅकफर्सन स्ट्रट आहे, म्हणजे स्प्रिंग आणि जंपर एकाच खांबात. कंपनीच्या उंचीला लोअर आर्म (चाकाला खालून गाडीशी जोडणारा दांडा) साधारण आडवा, बाहेरच्या टोकाला किंचित खाली असतो. गाडी ४० मिमी खाली आली की तो बाहेरच्या टोकाला वर उचलल्यासारखा होतो. रोल सेंटर (गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो) गुरुत्वमध्यापेक्षा जास्त वेगाने खाली जातं, त्यामुळे गाडीला कलायला उलट लांब दांडा मिळतो. शिवाय चाक वर जाताना जो थोडाफार निगेटिव्ह कॅम्बर (चाकाचा माथा आत झुकणं) मिळायचा तोही जातो, टाय रॉडचा (स्टिअरिंगकडून चाक वळवणाऱ्या दांड्याचा) कोन बिघडून खड्ड्यात स्टिअरिंग आपोआप हलायला लागतं. लांब दांड्याचे बॉल जॉइंट लावून हे सुधारता येतं, पण मग खर्चाला अंत नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे बंप स्टॉप, जंपरची हालचाल संपते तिथला रबरी ठोकळा. चाकाची वर जायची जागा आधीच थोडी, त्यातले ४० मिमी तुम्ही खाल्ले. भर वळणात जंपर बंप स्टॉपवर टेकला की पुढची स्प्रिंग क्षणात दगड होते आणि नाक सुटतं.

हे तपासायला फुकट उपाय आहे. पुढच्या जंपरच्या चकचकीत दांड्यावर प्लास्टिकची झिप टाय घट्ट बांधा, जास्तीचं शेपूट कापा, ती खाली सरकवून सीलला टेकवा. धुळीचं रबरी बूट आधी वर सारावं लागेल. मैदानावर एक फेरी मारा आणि बघा टाय कुठवर ढकलली गेलीय. बंप स्टॉपच्या कडेपर्यंत गेली असेल, तर तुमची गाडी आत्ताच, कंपनीच्या उंचीलाच टेकतेय.

कोनाची_काळजी, मिशिगन

काका, दंडवत. इथल्या ऑटोक्रॉसच्या नियमांतच तुमच्या म्हणण्याचा पुरावा आहे. एससीसीएच्या (इथला शर्यती भरवणारा क्लब) स्ट्रीट वर्गात स्प्रिंगा बदलायला बंदी. जंपर बदला, आणि पुढचा किंवा मागचा असा एकच अँटी-रोल बार बदला. फ्रंट व्हील ड्राइव्हवाले बहुतेक सगळे डोळे मिटून मागचा बार घेतात. मी फिएस्टा एसटी पळवते, मीही तेच केलं.

पण तिसरा_गिअर, बारच्याही आधी दोन गोष्टी : हवा आणि पुढचा कॅम्बर. मैदानावर जाताना खडू न्या, शाळेतला साधा. टायरच्या खांद्यावर, म्हणजे नक्षी संपून भिंत सुरू होते तिथे, आडव्या रेघा मारा, तीन-चार ठिकाणी. तिथेच एक छोटा त्रिकोण कोरलेला असतो. फेरी मारून आल्यावर बघा. खडू त्रिकोणापर्यंत पुसला गेला तर हवा बरोबर. त्याच्याही खाली भिंतीवर गेला, तर टायर दुमडतोय, हवा वाढवा. त्रिकोणाच्या बरंच वर थांबला तर उतरवा. थंड टायरला पुढे ३५-३६ पासून सुरुवात करा, मागे दोन-तीन पीएसआय जास्त. स्वतःचा गेज बाळगा. पंपावरच्या काट्यावर भरवसा ठेवायचा तर मग खडू तरी कशाला?

पॅडॉकमधला_पोरगा

ताई, पण टेम्परेचर गनने तीन ठिकाणी मोजतात ना? आत, मध्ये, बाहेर. आमच्याकडे कोविडमधली एक पडून आहे.

कोनाची_काळजी

ती कपाळाची गन, तापाच्या पलीकडे तिला काही वाचता येत नाही. :D आणि साधी इन्फ्रारेड गन टायरचा वरचा पापुद्राच मोजते, तो गाडी थांबेपर्यंत निवतो. टायरमध्ये टोचायची सुई असलेला पायरोमीटर हवा. ऑटोक्रॉसच्या मिनिटभराच्या फेरीला तर टायर धड तापतही नाही. खडू बास.

नट_बोल्ट_वॉशर, सांगली

कॅम्बरबद्दल मी लिहितो, माझं अलाइनमेंटचं दुकान आहे.

स्विफ्टला पुढे कॅम्बर ॲडजस्ट होत नाही, मशीनच्या पडद्यावर नुसता दिसतो. शून्याच्या आसपास असतो. म्हणून कुठल्याही दुकानात गेलात तरी 'टो ग्रीनमध्ये आणलाय, कॅम्बर होत नाही' असंच ऐकायला मिळेल. (टो म्हणजे वरून पाहिलं तर चाकांची तोंडं आत वळलीत की बाहेर ते.) त्यांचं चुकत नाही. ग्रीन हा टायर सरळ रस्त्यावर सारखा झिजण्यासाठीचा हिशोब आहे.

वळणात गाडी तीन अंश कलली तर बाहेरचं पुढचं चाक त्यातला बराचसा कल तसाच घेतं आणि टायर बाहेरच्या कडेवर चालतो. जुन्या टायरचा बाहेरचा खांदा गुळगुळीत आणि आतली नक्षी नवी दिसते का? दिसत असेल तर तुमचं उत्तर तेच. उपाय म्हणजे कॅम्बर बोल्ट. स्ट्रट जिथे नकलला (चाक ज्यावर बसतं त्या भागाला) जोडतो तिथे दोन बोल्ट असतात, त्यातला एक काढून तिथे कॅम असलेला बारीक बोल्ट टाकायचा. फिरवला की चाकाचं डोकं आत येतं. एका बोल्टात साधारण दीड अंश मिळतो. रोजच्या गाडीला पुढे उणे दीडच्या आसपास ठेवा. टायर आतून थोडा लवकर झिजेल, पण फार नाही. टायर खातो तो टो, कॅम्बर बिचारा उगीच बदनाम आहे.

तीन गोष्टी दुकानदाराला ठणकावून सांगा. कॅम्बर हलला की टो हललाच, त्यामुळे टो नंतर परत लावायचा. बोल्ट बारीक असल्याने त्याचा टॉर्क वेगळा असतो, तो पाकिटावर लिहिलेला पाळायचा, इम्पॅक्ट गनने अंदाजपंचे नाही. आणि घट्ट केल्यावर डोक्यावर रंगाची रेघ ओढायची, म्हणजे सरकला तर डोळ्याला दिसतो.

टो शून्य ठेवा, फार तर प्रत्येक बाजूला अर्धा-एक मिमी बाहेर. नाक चटकन आत शिरतं. घरी तपासायचं असेल तर चार स्टँड आणि नायलॉनचा दोरा. गाडीच्या दोन्ही बाजूंना दोरा ताणा, चारही चाकांच्या मध्यापासून मोजून तो गाडीच्या मध्यरेषेला समांतर करा. पुढची-मागची रुंदी वेगळी असते हे विसरू नका. मग रिमची पुढची कड ते दोरा आणि मागची कड ते दोरा, स्टीलच्या पट्टीने मोजा. १५ इंची रिमवर १ मिमीचा फरक म्हणजे साधारण ०.१४ अंश. गाडी वर-खाली हलवून, थोडी पुढे ढकलून मगच मोजायचं. जॅकवरून नुकती उतरवलेली गाडी खोटं बोलते.

स्टेज_२, नाशिक

चर्चा छान, पण सगळे डांबराचंच बोलताय. आपल्याकडे ऑटोक्रॉस म्हटलं की निम्म्याहून जास्त वेळा माती. आमच्या नाशिकला राष्ट्रीय रॅलीची फेरी व्हायची, तिथे सर्व्हिस पार्कमध्ये हातभार लावत मोठा झालो, म्हणून चार ओळी.

मातीवर यातलं बरंच उलट. तिथे टायर कमी पकडतो, त्यामुळे वजन मुळात कमी सरकतं. तुम्हाला उलट ते सरकवून चाक मातीत रुतवायचं असतं. स्प्रिंग मऊ, चाकाची हालचाल भरपूर, गाडी उंच, बार बारीक. काही जण बारची लिंकच काढतात. कॅम्बर थोडासाच. खालून संप गार्ड (इंजिनखालचा संरक्षक पत्रा) लावला की पुढे वजन वाढतं, तेही धरा. पैसा ओतायचा तर एकाच गोष्टीत, चांगल्या जंपरमध्ये. रिबाउंड (चाक खाली परतताना जंपर करतो तो विरोध) फार कडक असला तर लागोपाठच्या खड्ड्यांत चाक खाली परतायच्या आत पुढचा खड्डा येतो, गाडी हळूहळू बसत जाते आणि शेवटी टेकते.

म्हणून भाऊ, आधी ठरव कशावर पळणार. दोन्हीवर एकच सेटिंग म्हणजे दोन्हीकडे मार.

घाटावरची_शांती

माझा मुद्दा रोजच्या गाडीचा. मागचा बार टाकून पावसात ताम्हिणी उतरून बघितलंय का कुणी? वळणात घाबरून ॲक्सिलरेटर सोडला की शेपूट सुटते. मैदानावर सुटली तर दोन कोन पडतात. घाटात कोन नसतात.

चाकणकर_काका

शांतीताईंशी शंभर टक्के सहमत. म्हणूनच बार ॲडजस्टेबल घ्यायचा आणि रस्त्यावर सगळ्यात मऊ भोकात ठेवायचा, किंवा पावसाळ्यात काढूनच ठेवायचा. मागचे टायर पुढच्यापेक्षा जास्त झिजलेले तर अजिबात नकोत. हॅचबॅकवाले नवे दोन टायर घेतात आणि हटकून पुढे टाकतात, ते उलटं करा. आणि मागच्या चाकांना टो-आउट कुणी कितीही सांगितला तरी रस्त्यावरच्या गाडीत नाही म्हणजे नाही.

सिक्स्थ_गिअर_शोधतोय

काकांचा आदर ठेवून एक विरोध. मागचा बार हे सरसकट उत्तर नाही. मॅकफर्सन गाडीत पुढचा बार जाड केला की गाडी कमी कलते, बाहेरच्या टायरचा कॅम्बर वाचतो आणि नाकाची पकड वाढते. पुस्तकातलं 'पुढचा बार म्हणजे अंडरस्टिअर (नाक बाहेर पळणं)' इथे लागू नाही. मी स्वतः अशी गाडी चालवलीय.

चाकणकर_काका

मुद्दा बरोबर आहे आणि मला आवडला. कॅम्बर अजिबात नसलेल्या मऊ गाडीत असं होतं खरं : वजनाच्या वाटणीत हरता त्यापेक्षा कॅम्बरमध्ये जास्त कमावता. पण ती कमाई कॅम्बर बोल्टने त्याहून स्वस्तात होते. बोल्ट टाकल्यावर पुढचा जाड बार उरतो फक्त तोट्याला, कारण आतलं चाक आणखी हलकं होतं आणि या स्विफ्टचं डिफरन्शिअल उघडं आहे, म्हणजे हलकं चाक नुसतं फिरत बसतं. लिमिटेड स्लिप (ते फिरणं आवरणारं) असतं तर मी इतका हट्ट धरला नसता. तुमच्या गाडीला होतं का?

सिक्स्थ_गिअर_शोधतोय

होतं. हम्म. मान्य.

गुडघाभर_ग्रीस

या संस्थळावर कुणी 'मान्य' लिहिलं! स्क्रीनशॉट काढून ठेवला.

पॅडॉकमधला_पोरगा

काका, कॉइलओव्हर (उंची बदलता येणारा स्प्रिंग-जंपरचा संच) घ्यायचे झाले तर स्प्रिंग किती किलोची? दुकानदार म्हणतो पुढे ८, मागे ६.

चाकणकर_काका

दुकानदाराने तुझी गाडी वजन करून पाहिलीय का?

चाकावरचं उशी-वजन काढ, म्हणजे एका कोपऱ्याच्या वजनातून चाक, टायर, ब्रेक, नकल वजा करून उरतं ते. स्विफ्टला पुढे एका बाजूला २९० किलोच्या आसपास. स्प्रिंग ४ किलो प्रति मिमीची, मॅकफर्सनमध्ये तिचा चाकावर जाणवणारा भाग साधारण नऊ दशांश. हिशोब केलास तर कंपनसंख्या सेकंदाला १.७५ च्या आसपास येते. घरगुती गाड्या १ ते १.५ मध्ये असतात, पंख नसलेल्या ट्रॅकच्या गाड्या २ ते २.५. म्हणजे पुढे ४ हा रोजच्या गाडीला मध्यममार्ग झाला. मागच्या कोपऱ्यावर उशी-वजन जेमतेम १८० किलो, तिथे चाकाला ३.५ किलो प्रति मिमी मिळाले तरी आकडा २.२ वर जातो. तू म्हणतोस ते पुढे ८ घातलेस तर खडबडीत डांबरावर चाक जमिनीवर कमी आणि हवेत जास्त राहील. आपले ट्रॅक काही बिलियर्डचं टेबल नाहीत.

आणि जंपर त्या स्प्रिंगेला जुळणारा हवा. कंपनीच्या जंपरवर दुप्पट कडक स्प्रिंग लावली की गाडी होडीसारखी उड्या मारते. स्प्रिंग कापणाऱ्यांबद्दल बोलतच नाही. कापल्याने ती कडक होते हे खरं, पण चाक लटकलं की जागेवरून निसटते.

कलम_बावन्न

अवांतर वाटेल, पण कुणीतरी सांगायला हवं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतल्या तपशिलाशी विसंगत बदल चालत नाहीत, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठासून सांगितलंय. अपघात झाला तर विमा कंपनी आधी खाली वाकून बघते. मैदानावरच्या स्पर्धेला एफएमएससीआयची (देशातल्या मोटर शर्यतींच्या महासंघाची) परवानगी आहे का, तुमच्या वर्गात काय बदलायला मुभा आहे, हे नियमपुस्तिकेत वाचून मगच पाना उचला. बार मुभेत नसेल तर नुसत्या बारपायी वरच्या वर्गात जाल आणि तिथे सगळं उघडं करून आलेल्या गाड्यांशी गाठ पडेल.

तिसरा_गिअर

सगळ्यांचे आभार. झालेलं सांगतो.

झिप टाय बंप स्टॉपच्या बरीच अलीकडे थांबली, म्हणजे गाडी टेकत नाहीये. खडू मात्र त्रिकोण ओलांडून पार भिंतीवर गेला होता. मी सर्व्हिस सेंटरवाल्याने भरलेल्या ३० वरच पळत होतो. हवा ३६ केली तेव्हा रेघ त्रिकोणावर आली, आणि स्टिअरिंगमध्ये आधी जो रबरी उशीर वाटायचा तो गेला. मागे ३८ ठेवली.

नंतर कॅम्बर बोल्ट टाकले. डावीकडे उणे १.४, उजवीकडे उणे १.३ मिळाला, टो शून्य. अलाइनमेंटवाला पडद्यावरचे लाल आकडे बघून अस्वस्थ झाला, प्रिंटवर सहीच करेना. हेअरपिनमध्ये नाक आता आत येतं. पूर्ण नाही, पण पूर्वी जिथे नुसता किंचाळायचा तिथे आता टायर चावतो. आतलं चाक निघताना अजून फिरतंच.

मागच्या बारचं पावसाळा संपल्यावर बघतो. शांतीताईंचा प्रतिसाद बाबांनी माझ्या खांद्यावरून वाचला आणि विषय तिथेच मिटला.

एक राहिलं. स्ट्रट ब्रेसचं काय? त्यावर कुणीच बोललं नाही.

नट_बोल्ट_वॉशर

कारण बोलण्यासारखं फारसं नाही. स्विफ्टची इंजिनमागची भिंत आणि स्ट्रटचे मनोरे बऱ्यापैकी घट्ट आहेत. मोजायचंच असेल तर दोन मनोऱ्यांमध्ये दांडी धरून गाडी एका बाजूने जॅकवर उचला, किती मिमी हलतं ते बघा. बॉनेट उघडल्यावर दिसतो छान, तेवढ्यासाठी घ्यायचा तर लाल रंगाचा घ्या.

त्याऐवजी लोअर आर्मचे बुश (जोडावरची रबरं) तपासा. २०१३ ची गाडी आहे, मागचा मोठा बुश फाटलेला असण्याची शक्यता दांडगी. तो फाटला की ब्रेक मारून वळताना चाक मागे सरकतं आणि तुम्ही दोऱ्याने लावलेला टो हवेत जातो. नवा टाकलात तर एक लक्षात ठेवा : बुशचा बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना शेवटचा आवळायचा. लिफ्टवर लटकत असताना आवळला तर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि काही महिन्यांत परत फाटतं.

तिसरा_गिअर

आत्ता खाली वाकून मोबाइलच्या उजेडात बघितलं. उजवा फाटलाय. डाव्याला भेगा. दोन्ही बदलतो, टो पुन्हा लावून घेतो आणि मग येतो.

पॅडॉकमधला_पोरगा

दादा, बुशचा पार्ट नंबर टाक ना इथे. आमच्या रिट्झला तोच बसतो का बघायचंय.